बिनदरवाजाचा मकबरा

चाँद मिस्त्रीला हाजी म्हटलेलं खपत नसे. हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे आमची पहिलीच भेट बिघडली.

मी तेव्हा वाईकडून पातूरला आलो होतो. गावात नवीन शाळा निघाली होती आणि मी तिचा मास्तर, शिपाई आणि झाडूवाला होतो. अकोल्यापासून पातूर बैलगाडीनं दिवसभराची वाट. वऱ्हाडात त्या दिवसांत कापसानं माणसांना वेड लावलं होतं. समुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि इथल्या बोंडाला सोन्याची कळा आली. ज्वारीची रानं मोडून लोकांनी कापूस पेरला. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. अशा गावात मास्तराच्या घरचं जातं बोथटलं, ही काही चावडीवर सांगायची गोष्ट नव्हे. पण पीठ भरड येऊ लागलं आणि आमच्या घरातून रोज सकाळी बोलणी ऐकू येऊ लागली, तेव्हा मी जात्याला टाकी लावणाऱ्या पाथरवटाला निरोप धाडला.

आला तो एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. दाढी करडी, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं, भुवयांवर दगडाची पांढरी धूळ. हा मक्केला जाऊन आलेला आहे, असं मला शेजाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं. मी मोठ्या अदबीनं ओसरीवर गेलो आणि म्हणालो, "या, हाजीसाहेब."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. हातातलं छन्नी-हातोड्याचं फडकं पुन्हा बांधलं आणि आल्या पावली निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याची बायको, फातमाबी, दारात उभी. बाई उंच, आवाज खणखणीत.

"काहून हो मास्तर, माह्या मानसाले काय म्हनलं तुमी?"

"हाजीसाहेब म्हटलं. ते जाऊन आले ना?"

"आले नं. पन थे म्हनू नोका. मिस्त्री म्हना, चाँद म्हना, गाढव म्हना, सगयं चालते. हाजी म्हनलं का दोन दिवस जेवत नाई. अन् त्याचा तरास मले होते."

एवढं बोलून ती गेली. पुण्यासाताऱ्याकडच्या माणसाला वऱ्हाडी बोलणं आधी भांडण वाटतं. ते भांडण नसून माया आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

संध्याकाळी तो पुन्हा आला. काल काही घडलंच नाही अशा थाटात जात्याशेजारी मांडी घालून बसला. वरची तळी उचलून आडवी केली, बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक केलं आणि कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाला, "बहिनबाई, हा दगड तुमच्यासंगं आला नं? याले अजून गाव आवडलं नाई."

आमच्या घरच्यांनाही गाव आवडलेलं नव्हतं. वाईहून निघाल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. त्या दिवशी पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून चाँद मिस्त्री आमच्या घरचा झाला.

दगड दिसला की त्याला वाजवून पाहायचा, ही त्याची खोड. कुणाच्या घरी गेला की आधी उंबऱ्यावर टकटक, मग माणसांची विचारपूस. माणसांनाही तो दगडाच्या भाषेतच तोलत असे. गावच्या पाटलाला म्हणे, 'वरून घडवलेला, आतून कच्चा.' मला म्हणे, 'मास्तर चांगला हाय, पन पापुद्रे लय.' मी रागावलो तर म्हणाला, "पापुद्र्याचा दगड वाईट नसते. फरशी त्याचीच होते."

शाळेबाहेरच्या कडुलिंबाखाली तो आपलं काम घेऊन बसायचा. आत मुलं पाढे म्हणत आणि बाहेर त्याची टाकी त्याच ठेक्यात पडे. मुलं कुठं चुकली की ठोका थांबायचा. त्याला स्वतःला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं, पण ठेका चुकलेला कळे. मी छडीनं जे करू शकलो नाही ते त्या ठोक्यानं केलं.

आगगाडीचा रस्ता तेव्हा अकोल्याकडं सरकत होता आणि पुलांसाठी घडीव दगड लागत. चाँदही काही महिने त्या कामावर होता. एकदा एका मोठ्या चिऱ्यावर त्यानं टकटक केलं आणि मुकादमाला सांगितलं, हा लावू नका, आतून फुटला आहे.

"तुले आतलं दिसते काय?" मुकादम म्हणाला.

"दिसत नाई. ऐकू येते."

मुकादमानं दगड लावायला घेतला. दोरांनी खाली सोडताना तो जाग्यावर बसला आणि मधोमध दुभंगला. सगळे चाँदकडं पाहू लागले. दुसरा कुणी असता तर त्यानं मिशांना पीळ दिला असता. हा मुकादमाची समजूत घालायला लागला, "तुमचा कसूर नाई जी. तुमाले पाहाचा पगार भेटते, ऐकाचा नाई." ती समजूत ऐकून मुकादम जास्तच भडकला, आणि चाँद पातूरला परत आला.

असा हा माणूस. कुणाला न दबणारा, कामात राजा. पण शुक्रवारी मशिदीत जाई तेव्हा शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाला लागून उभा राही. लोक हाताला धरून पुढं ओढत, कारण गावात मक्केला जाऊन आलेला तो एकटाच. तो हात सोडवून घेई. हे मला गावातल्या लोकांनीच सांगितलं, आणि का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो हजला गेला तोही मोठ्या तऱ्हेनं. अकोल्याचे सुलेमान शेठ हे कापसाचे बडे व्यापारी. भाव चढला तसे शेठही चढले, आणि त्यांनी हजला जायचं ठरवलं. मुंबईहून जहाजात बसावं आणि जेद्द्याला उतरावं, ही साधी वाट त्यांना पटेना. "सीधा रस्ता गरिबाचा असते, मास्तर," चाँद म्हणायचा. "शेठले लांबचा पाह्यजे होता." म्हणून बसरा, बगदाद, दमिश्क असा फेरा घालून, तिथल्या यात्रेकरूंच्या काफिल्याबरोबर उंटावरून जायचं ठरलं. अशा प्रवासाला लोक हकीम बरोबर नेतात, खानसामा नेतात. शेठनी पाथरवट नेला.

कारण शेठना स्वतःसाठी मकबरा बांधायचा होता. वय पंचेचाळीस, प्रकृती घोड्यासारखी, पण मकबरा हवा. वाटेत थोरामोठ्यांच्या कबरी लागतील, त्या नीट पाहून घे आणि परत आल्यावर माझी तशी बांध, असा त्यांचा हुकूम. यावर चाँदचं म्हणणं असं की, पैसा आला की माणसाला मरण आठवतं. गरिबाला तेवढी फुरसत नसते.

एवढं तो हसत हसत सांगे. त्यापुढचं सांगत नसे. ते त्यानं मला एकदाच सांगितलं.

पातूरच्या टेकडीत जुनी लेणी आहेत. कुणी, कधी कोरली, ते गावात कुणाला माहीत नाही. मी आल्यापासून ती पाहायची म्हणत होतो. थंडीतल्या एका सुट्टीच्या दिवशी दुपारी चाँद मला घेऊन गेला. आत शेरडांच्या लेंड्या आणि वटवाघळांचा वास. मी नाकाला उपरणं लावून उभा होतो. चाँदनं मात्र एका खांबावर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मास्तर, हे कुठून सुरू केलं असन, सांगा."

"दारातून," मी म्हणालो. "दार कोरलं असेल, मग आत शिरले असतील."

"मलेबी असंच वाटत होतं. लहानपनी अठी बकऱ्या चारत होतो मी. हजारदा आलो. पन दिसलं नाई." त्यानं छताकडं बोट केलं. "वरून. आधी वरचं पूरं कराचं, मंग खाली उतराचं. खालचा दगड असतेच उभं राहाले. परांची बांधाची गरज नाई. हे मले कुठी समजलं, माईत हाय?"

तो खांबाला टेकून खाली बसला आणि सांगू लागला.

"दमिश्कहून निंगून वीस-बावीस दिवस झाले असन. रेतीच रेती. मंग एक खोरं लागलं. तठी पुराने लोक राह्यत होते. त्याइनं डोंगर कोरून घरं केली, कबरी केल्या, अन् मस्तीत आले. खुदानं एक पैगंबर धाडला त्याइच्याकडं, त्याचं ऐकलं नाई. मंग कहर आला. एका सकायी सगये खतम. तवापासून हुकूम हाय का या खोऱ्यातून जाचं तं रडत जाचं. थांबाचं नाई, पाहाचं नाई. रडू येत नसन तं त्या घराइत पाय टाकाचा नाई."

"मग?"

"सगये रडून राह्यले होते. माना खाली. तठचा आवाज उंटाच्या कानी पडू नये म्हनून कोनी बंदुका उडवत होते, कोनी उंट दामटत होते. आमचे शेठ तं असे रडले, असे रडले, का बाजूचे दमिश्ककडचे, शाम देशचे लोक म्हनाले, या हिंदी मानसाचं दिल पाहा. अकोल्याच्या बाजारात ज्या मानसानं कधी एक टिपूस गायला नाई, थो मानूस रुमाल तोंडाले लावून हुंदके देऊन राह्यला होता."

"आणि तुम्ही?"

"मी मान वर केली."

बाहेर शेरडं ओरडत होती.

"रेतीत लाल दगडाचे डोंगर सुटे सुटे उभे होते. कडब्याच्या गंजी असतात नं, तसे. अन् हरेक डोंगराचं तोंड घडवलेलं. सपाट असं का ओयंबा धरला तं केसाचा फरक नाई. खाली दरवाजा, वर कोरलेला पक्षी. अन् सगयात वर पायऱ्या. पाच पायऱ्या इकडं चढलेल्या, पाच तिकडं. मधी आभाय. कुठीच जात नाईत त्या पायऱ्या, मास्तर. नुसत्या वर जातात. अन् एक डोंगर तं अर्धा. वर पायऱ्या पूऱ्या, खाली कोरा दगड. काम सोडून मानूस उठून गेलेला. तवा मले समजलं, हे वरून खाली येत होते. बापानं नाई शिकवलं, उस्तादानं नाई शिकवलं, थे त्या मेलेल्या मानसानं शिकवलं मले. अन् माह्या तोंडातून निंगालं, वाहवा!"

त्यानं कपाळावर हात मारला.

"मोठ्यानं निंगालं. हसू फुटलं मले. उभ्या जिंदगीत एवढी खुशी झाली नोती. लगनात नाई, पोट्टी झाली तवा नाई. अन् थे खुशी झाली कुठी? जठी रडाचा हुकूम होता तठी. पुढं मक्केत रडलो, अराफातच्या पहाडावर रडलो. तठी कोनीबी रडते. पन हुकमाच्या जागी माहे डोये कोरडे. मंग सांगा, माहा हज कबूल झाला का?"

म्हणजे चपलांजवळच्या रांगेचं कारण हे होतं. मी म्हणालो, "मिस्त्री, ते देवाचंच देणं आहे. चांगलं काम पाहून आनंद झाला, यात पाप कसलं?"

"तुमी मास्तर," तो म्हणाला. "पोट्ट्याइले पास करता तसं मले करू नोका."

"मग काजीसाहेबांना विचारा."

"अन् त्याइनं नाई म्हनलं तं?"

आम्ही उठलो आणि गावात आलो.

पुढं दोनच महिन्यांत चाँदनं काम हाती घेतल्याची बातमी आली, आणि कसलं काम, ते ऐकून मी थक्क झालो. सुलेमान शेठनी बगदादचे घुमट पाहिले, दमिश्कच्या कबरी पाहिल्या, पण त्यांच्या मनात भरलं होतं ते खोरं. पातूरच्या टेकडीचा लेण्यांपलीकडचा कडा त्यांनी मिळवला होता आणि त्यात कोरीव मकबरा हवा होता. वर पायऱ्या, खाली दार, हुबेहूब तसा. आणि तो कोरू शकेल असा वऱ्हाडात एकच माणूस होता.

फातमाबी माझ्याकडं आली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला होता. "मास्तर, समजवा त्याले. ज्या पापानं जेवन जात नाई, थेच पाप घरी आनून राह्यला हा मानूस."

मी समजावायला गेलो. चाँद कड्याच्या माथ्यावर दोर बांधत होता.

"शेठनी जबरदस्ती केली का?"

"नाई."

"मग नाही का म्हणाला नाहीत?"

"म्हनता आलं असतं," तो म्हणाला. "पन मले करावं वाटते, मास्तर. त्या मेलेल्या मानसाचे हात माह्या हातात येऊन बसले हायेत. माह्याच्यानं राहवत नाई." हे बोलताना त्याचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा झाला होता.

तिकडचा लाल दगड मऊ. आपला काळा दगड म्हणजे खाष्ट सासू. चार गडी हाताशी घेऊन दिवसाला चार बोटं काम सरके. पण सरकत होतं ते असं की आजूबाजूच्या गावांतून लोक पाहायला येत. डावीकडच्या पाच पायऱ्या कड्यात उतरल्या. कडा धारदार, सावली स्वच्छ. चाँद दिवसभर कड्यावर गुणगुणत असे, आणि संध्याकाळी घरी आला की अपराध्यासारखा कोपऱ्यात बसे. मी त्याला इतकं सुखी आणि इतकं दुःखी एकाच दिवसात पाहिलं आहे.

मग अमेरिकेतली लढाई मिटल्याची तार अकोल्याला आली. भाव कोसळला. बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या एकेक करून उतरल्या. सुलेमान शेठचे घोडे गेले, बंगला गेला, मुनीम गेले. कड्यावरचे चार गडी आगगाडीच्या कामावर निघून गेले. चाँद मात्र रोज एकटा वर जात राहिला. तोवर उजवीकडच्या तीनच पायऱ्या झाल्या होत्या.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"इकडं पाच अन् तिकडं तीन. लंगडं ढोर पाहाले बरं वाटते काय?" एवढंच तो म्हणाला.

एका रविवारी दुपारी मी त्याच्याशी बोलत बसलो होतो, तेव्हा खाली एक भाड्याचा छकडा थांबला. त्यातून एक वाळलेला माणूस उतरला आणि दर दहा पावलांवर दम घेत वर आला. मी ओळखलं नाही. चाँद दोरावरून झरझर खाली उतरला तेव्हा कळलं की हे सुलेमान शेठ. पन्नाशीही न गाठलेला माणूस सत्तरीचा दिसत होता.

ते एका शिळेवर बसले आणि कितीतरी वेळ वर पाहत राहिले.

"दरवाजा कुठी हाय रे?"

"खाली हाय शेठ. दगडातच. अजून काढला नाई."

"राहू दे आतच," शेठ म्हणाले. "आता मले जागा लागनार नाई एवढी. अकोल्याच्या मातीत मावीन मी." मग थोडं थांबून, "चाँद, त्या खोऱ्यात मी रडलो होतो, आठवते?"

"व्हय शेठ. पूरा काफिला पाहून राह्यला होता."

"थे रेतीनं रे."

चाँदला कळलं नाही. मलाही नाही.

"माहे डोये सुजले होते आठ दिवसापासून. धारा लागल्या होत्या. लोक वाहवा कराले लागले, मंग म्यां हुंदके जोडले. रुमालाआडून मी थे कामच पाहून राह्यलो होतो. तू तं नुसतं वाहवा म्हनला. मी मनात भाव करून राह्यलो होतो, का असला मकबरा आपल्याले केवढ्यात पडन."

चाँदच्या हातातला हातोडा खाली आला. "खरं सांगून राह्यले, शेठ?"

"आता खोटं बोलून कोनता कापूस विकाचा हाय मले?"

"इतके साल मी तुमाले वली, खुदाचा लाडका मानूस, समजत होतो. अन् माह्या जिवाले खाऊन राह्यलो होतो."

"माईत हाय. फातमाबीनं माह्या घरी सांगतलं होतं. पन तू वली समजत होता थे मले आवडत होतं, म्हनून बोललो नाई. हे जास्त वाईट केलं म्यां. यासाठीच आलो आज."

मला वाटलं, आता चाँद चिडेल. त्याचा राग मी पाहिलेला होता. तो शेठसमोर उकिडवा बसला, काळ्या नखाचा अंगठा दाढीत खुपसला, आणि त्याच्या पोटातून हसू वर येऊ लागलं. शेठ आधी बावचळले, मग तेही हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. चाँदनं त्यांची पाठ चोळली, आपल्या मडक्यातलं पाणी पाजलं.

"दोघंबी गेलो, दोघंबी आलो," शेठ धापा टाकत म्हणाले. "कबूल झालं का नाई थे वरचा पाहीन. आपन कोन?"

जाताना चाँदनं त्यांना हाताला धरून उतारावरून नेलं. छकड्यात बसवलं, पाठीशी आपली घोंगडी ठेवली. त्या शुक्रवारी तो मशिदीत चपलांपासून एक रांग पुढं उभा राहिला, असं मला कळलं. एकच रांग, पण गावात त्याची चर्चा झाली.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी माझी अमरावतीला बदली झाली. कागद आणायला मी अकोल्याला गेलो, आणि तिथं बाजारात कळलं की सुलेमान शेठ तीन दिवसांपूर्वी वारले. ज्यांच्या मागं एके काळी दहा माणसं चालत, त्यांना खांदा द्यायलाही मोजकीच माणसं होती म्हणे. मी कबरस्तानात जाऊन आलो. मातीचा ओला उंचवटा आणि उशाशी कडुलिंबाची डहाळी, एवढंच होतं.

पातूरला परत आलो तो सामानाची गाडी भरायलाच. गाडी भरली, घरची माणसं बसली आणि मी चाँदचा निरोप घ्यायला त्याच्या घरी गेलो. फातमाबी म्हणाली, "कुठी असन? आपल्या पायऱ्याइपाशी." बहीण असावी तशी ती माझ्या बायकोला भेटायला गाडीपर्यंत आली, आणि जाता जाता गाडीवानाला चार शिव्या देऊन बैल सावलीत बांधायला लावले.

गाडी टेकडीच्या पायथ्याशी थांबवून मी वर गेलो. चाँद उजवीकडच्या पाचव्या पायरीवर होता. शेवटची कड राहिली होती. मी बदलीचं सांगितलं. तो म्हणाला, "अमरावतीचा दगड चांगला हाय." मग मी शेठचं सांगितलं.

त्यानं ऐकलं. हातातली कड त्यानं पुरी केली, सात-आठ ठोके, घाई न करता. फुंकर मारून भुकटी उडवली. तळहातानं पायरी पुसली. मग खाली उतरून हत्यारं फडक्यात बांधली आणि कड्याकडं तोंड करून बसला. त्याचे डोळे वाहत होते. मी जवळ गेलो.

"मिस्त्री, काही गेलं का डोळ्यात?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"तठी माह्या वाटचं शेठच रडला होता, मास्तर. रेतीनं का होईना. आता त्याच्या वाटचं मले रडू द्या."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरलो. गाडी टेकडीला वळसा घालेपर्यंत त्याचं रडणं आम्हाला ऐकू येत होतं.